तीन पूर्णांक दोनचे साहेब

दौऱ्यावरून साड्या, मिरच्या, निदान सर्दी घेऊन येणारे पुष्कळ. भूकंप घेऊन येणारे साहेब कचेरीत एखादेच असतात. हा नमुना बहुधा लेखापरीक्षक असतो, पुण्याचा असतो आणि नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याला सोसायटीचं दप्तर तपासायला गेलेला असतो.

साहेब खतावणीतल्या एका आकड्यावर बोट ठेवून 'हे काय?' असं विचारतात, तेवढ्यात खुर्चीखालून काहीतरी गुरगुरत जातं. छताचे पत्रे थरथरतात, मांडणीवरचे पेले वाजतात. चार-पाच सेकंदांचा मामला. रस्त्यावरून डंपर गेला असेल, असं बाकीच्यांना वाटतं. साहेब मात्र कीर्द छातीशी धरून अंगणात उभे. बूट टेबलाखालीच.

"ते येत ऱ्हास, साहेब. बठा, चहा ल्या," असं म्हणून सचिव पेला पुढे करतात.

सचिवांचं काही चुकत नाही. नर्मदा आणि तापी ज्या पट्ट्यातून वाहतात तिथे जमिनीखाली जुन्या भेगा आहेत, आणि त्या अधूनमधून सरकतात. 14 मार्च 1938 चा सातपुड्याचा मोठा धक्का, 23 मार्च 1970 चा भडोचचा 5.4 रिश्टरचा भूकंप, ही सगळी याच पट्ट्याची करणी. शेजारच्या शहादा तालुक्यात सावळद्याला भूकंपमापन केंद्रच आहे. साहेबांना हे कळतं ते चहाच्या दुसऱ्या पेल्यानंतर. पहिला हातातच हिंदकळलेला असतो.

मग घरी फोन. "धानोऱ्यात भूकंप झाला, मी ठीक आहे." इथे खरा गोंधळ. महाराष्ट्रात धानोरे अनेक. गडचिरोलीत तर धानोरा नावाचा तालुकाच आहे. घरची मंडळी तोच नकाशात शोधतात आणि 'हे नंदुरबारला जातो सांगून गडचिरोलीला कशाला गेले?' या प्रश्नापुढे भूकंप मागे पडतो.

पुण्याला परतल्यावर साहेबांचा दुसरा जन्म सुरू होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने 3.2 सांगितलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत ते साडेतीन होतं, सोसायटीच्या गच्चीवर चार आणि मेहुण्याच्या लग्नात सव्वापाच. हे सांगताना साहेब काय करून बसतात याची त्यांना कल्पना नसते. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. दोन अंक म्हणजे हजारपट. आयुष्यभर पैशाची तफावत न सोडणारा माणूस पंगतीत बसून पृथ्वीच्या पोटातली हजारपट ऊर्जा तोंडी खर्ची घालतो, तीही बिनव्हाउचरची.

ऐकणाऱ्यांत कुणी औसा-उमरग्याकडचं निघालं, तर मात्र आकडा पटकन खाली येतो. 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट ज्यांनी किल्लारीच्या परिसरात काढली, त्यांच्यासमोर पेल्यांचा आवाज सांगायला जीभ रेटत नाही. साहेब तेवढे सज्जन आहेत. तिथे ते 3.2 सुद्धा सांगत नाहीत, "जरा हललं होतं" एवढंच म्हणतात आणि आमटी मागतात.

बूट टेबलाखाली राहिल्याचं कथेतून केव्हाच गळालेलं असतं. कीर्द मात्र 'संस्थेचा दस्तऐवज जिवावर उदार होऊन वाचवला' या स्वरूपात कायम राहते. पुन्हा त्या बाजूचा दौरा निघाला, की साहेब गंभीर होतात. "तो भाग धोक्याचा. आपलं पुणं बरं."

एकदा कचेरीतल्या नवख्या अभियंत्याने त्यांच्यापुढे 2002 चा भूकंपप्रवणतेचा नकाशा उघडला. नंदुरबार तिसऱ्या पट्ट्यात होतं. पुणंही तिसऱ्याच पट्ट्यात होतं. साहेबांनी चष्मा पुसून दोन्ही ठिकाणी बोट ठेवून खात्री केली, आणि विचारलं, "मग या पट्ट्याचा काही भत्ता असतो का?"