अंड्यातल्या नव्या भाडेकरूसाठी सूचना

कोंबडीच्या अंड्यातल्या मुक्कामाची मुदत २१ दिवस. ती वाढवून मिळत नाही. शिधा सुरुवातीलाच एकदा भरला जातो. त्यानंतर आत येते ती फक्त हवा आणि ऊब. सबब, गर्भाने पुढील नियम पाळावेत.

जागा बलकाच्या माथ्यावर, पांढुरक्या ठिपक्यात मिळेल. कच्चे अंडे फोडले की बलकाच्या दोन बाजूंना पांढरे, पीळ दिलेले दोरे दिसतात. अनेक घरांत ते घाण समजून चमच्याने काढून टाकतात. बलक मधोमध तोलून धरण्याचे काम त्यांचेच. अंडे कसेही कलंडले तरी ठिपक्याची बाजू वर, म्हणजे कोंबडीच्या उबेकडे राहते.

जेवायला तोंड लागत नाही. दुसऱ्या दिवसापासूनच गर्भाने बलकावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरायला घ्यावे; बलकातले अन्न त्यातून थेट रक्तात उतरते. तिसरा दिवस सरेपर्यंत हृदय दिसण्याइतके उडत असावे. अ‍ॅरिस्टॉटलने त्या उडणाऱ्या रक्तबिंदूची नोंद करून ठेवली आहे, तेव्हा आळस लपणार नाही. पांढऱ्याला घाईने हात लावू नये. तो पाणी पुरवतो आणि जंतूंना अडवतो. साधारण बाराव्या दिवसानंतर तो गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीत उतरू लागतो, तेव्हा खुशाल गिळावा.

आता नाजूक विषय. मोरी नाही. युरिया केला तर तो पाण्यात विरघळून ज्याचा त्यालाच भोवेल. म्हणून जवळजवळ न विरघळणारे युरिक आम्ल करावे आणि वेगळ्या पिशवीत साठवावे. गंमत म्हणजे हीच पिशवी पसरत कवचाच्या आतल्या अंगाला भिडते आणि फुप्फुसाचे काम करते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. तिथून प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर. सांडपाणी आणि श्वास एकाच पिशवीकडे! असा नकाशा कुठल्याही नगरपालिकेने नामंजूर केला असता.

हाडांसाठी भिंती खाव्यात. कवचातले कॅल्शियम विरघळवून घेण्यास पूर्ण मुभा आहे.

खुडूक कोंबडी चोचीने अंडी वरचेवर फिरवते, त्याबद्दल कुरकुर करू नये. न फिरवलेल्या अंड्यातला गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. उबवणी यंत्रातही साधारण ३७.५ अंश सेल्सिअसला अंडी ठरावीक वेळाने कलती केली जातात. अठराव्या दिवसाच्या सुमारास हे थांबते.

निघण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घ्यावा. या शिदोरीवर पिल्लू दोन-तीन दिवस दाण्यापाण्याविना तग धरते, म्हणूनच एका दिवसाची पिल्ले खोक्यांतून दूरच्या गावी पाठवता येतात. मग बोथट टोकाच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घ्यावा (उकडलेल्या अंड्याला खळगा पडतो तो तिथेच) आणि चोचीवरच्या टोकदार उंचवट्याने कवचाला टवका पाडावा.

बाहेरच्या मंडळींनी दयेपोटी कवच सोलू नये. टवका पडल्यावरही पिल्लू कित्येक तास गप्प राहते, कारण पिशवीच्या वाहिन्यांतले रक्त अजून अंगात परतायचे असते; घाईने सोलल्यास तेच बाहेर वाहते.