घरबसल्या ड्राफ्ट-तज्ज्ञ व्हा : नवशिक्यांसाठी सहा सोपे धडे

एप्रिल आला की न्यू जर्सीतल्या ऑफिसांत कामापेक्षा एनएफएलच्या ड्राफ्टची चर्चा जास्त चालते. पुण्या-नागपुराहून नुकत्याच आलेल्या मंडळींची तेव्हा मोठी पंचाईत होते. हा अभ्यासक्रम खास त्यांच्यासाठी. अमेरिकन फुटबॉल समजत असेल तर उत्तम. समजत नसेल तर आत्मविश्वास अधिक टिकतो.

धडा १ : नियम
लिलाव आणि ड्राफ्ट यांत गल्लत करू नका. आयपीएलमध्ये पैसा बोलतो, इथे पाळी. ३२ संघ, तीन दिवस, सात फेऱ्या. कॉलेजातून येणाऱ्या पोरांमधून गेल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिली निवड करतो आणि अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, जिंकणारा सर्वांच्या शेवटी. पाळ्यांची देवाणघेवाणही चालते. १९३६ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. प्रथमग्रासे मक्षिकापात होऊनही ही पंगत अजून उठलेली नाही.

धडा २ : संघ निवडा
जायंट्स आणि जेट्स, दोघेही नावाला न्यू यॉर्कचे. खेळतात न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. तुम्ही जेट्स घ्या. त्यांनी एकमेव सुपर बोल जिंकला तो जानेवारी १९६९ मध्ये, त्यामुळे कुरकुरीला साहित्य कमी पडत नाही. शिवाय १९८३ साली डॅन मरिनो समोर असताना त्यांनी केन ओब्रायनला घेतलं. मरिनो मायामीत गेला आणि हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला. हे सांगताना सुस्कारा सोडा. तेव्हा तुमचा जन्म झाला नव्हता, हे कुणी विचारत नाही.

धडा ३ : मोजमाप
ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ भरतं. तिथे ४० यार्डांची धाव, उभी उडी, २२५ पौंडांचं वजन कितीदा उचललं, पंजा किती इंचांचा, सगळं मोजतात. आवडता खेळाडू जोरात पळाला तर म्हणा, “वेग शिकवून येत नाही.” हळू पळाला तर म्हणा, “सामन्यात सरळ रेषेत पळतंय कोण?” दोन्ही विधानं तोंडपाठ हवीत, क्रम निकाल पाहून ठरवा. टॉम ब्रेडीने ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेतले, २००० साली तो १९९ वा निवडला गेला आणि सात सुपर बोल जिंकून निवृत्त झाला. जो बरोच्या नऊ इंची पंजावरून २०२० मध्ये माना हलल्या. तरी तोच पहिला गेला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने सिनसिनाटीला सुपर बोलमध्ये नेलं.

धडा ४ : शब्दसंपत्ती
‘सीलिंग उंच आहे’ म्हणजे आज काही जमत नाही. ‘फ्लोर चांगला आहे’ म्हणजे पुढेही फारसं जमणार नाही. ‘मोटर थांबत नाही’ म्हणजे धावतो खूप, पोचत नाही. वादात कोंडी झाली की शांतपणे म्हणा, “मी टेप पाहिली आहे.” क्वार्टरबॅकची स्तुती कुणीही करतं, तुम्ही एखाद्या गार्डची करा. गार्ड नेमकं काय करतो हे समोरच्यालाही सांगता येत नसल्यामुळे तुमचा अधिकार तिथल्या तिथे सिद्ध होतो.

धडा ५ : हुर्यो
निवड जाहीर होताच ओरडा. नाव नीट ऐकू येण्याची वाट पाहू नका. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना रिकी विल्यम्स हवा होता, म्हणून त्यांनी डोनोवन मॅकनॅबची भर सभेत हुर्यो उडवली. त्याच मॅकनॅबने २००४ च्या हंगामात त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं. लाज वाटून घ्यायचं कारण नाही. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सने आपल्या आणखी काही पाळ्या मोजून दुसरी जागा मिळवली आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. पुढे त्याच्यापेक्षा कितीतरी सरस ठरलेला पॅट्रिक महोम्स दहावा गेला. त्यांच्याकडे तर पगारी पारखी होते. आपण फुकट चुकतो.

धडा ६ : गुणपत्रिका
ड्राफ्ट संपताच प्रत्येक संघाला ग्रेड द्या. पोरांनी नव्या संघाचं हेल्मेटही घातलेलं नसतं, पण ‘ए वजा’ आणि ‘बी अधिक’ यांत फरक करताना कचरू नका. खरा निकाल लागायला तीनेक वर्षं जातात. तोवर प्रशिक्षक बदलतो, गुडघा दुखावतो, आणि गुणपत्रिका कुणी दिली हे सगळे विसरतात. तरीही एखाद्या चिकट सहकाऱ्याने जुना हिशोब काढलाच, तर त्याला पुढच्या वर्षीचा पहिला खेळाडू कोण ते विचारा. तो उत्तर देईल, खात्रीने देईल, आणि मग चुकायची पाळी त्याची.