बारीक कामाचा माणूस

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात बारीक असं काही नाही. वीज केंद्र आहे ते 2,920 मेगावॅटचं. कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे असे, की परगावचा पाहुणा त्यांना डोंगर समजून फोटो काढतो. ताडोबात वाघ, बल्लारपुरात कागदाचा कारखाना, पलीकडे गडचिरोलीत आलापल्लीचा सागवान. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारपूरहून सागवान निघाला, तोसुद्धा वाजतगाजत. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी यांच्यात पारा कोण जास्त चढवतो याची चुरस लागते आणि संध्याकाळी पानठेल्यावर लोक निकाल विचारायला येतात.

अशा या आडदांड जिल्ह्यात मला एकट्याला बारीक कामाची हौस.

बारीक काम म्हणजे चष्म्याच्या दांडीचा स्क्रू, टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या पोराची बंद पडलेली गाडी. यातलं काही माझ्या हातून दुरुस्त झालं आहे असा आरोप अजून कोणी केलेला नाही. पण मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून, दिवा ओढून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबून बसलो, की घरात एक प्रकारची शांतता पसरते. बायको तिला दहशत म्हणते.

चष्म्याचा स्क्रू हे यातलं सगळ्यात अवघड प्रकरण. तो दीड मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो आणि तो दिसायला चष्मा लागतो. चष्मा लावला तर स्क्रू नाकाच्या बाजूला येतो, काढला तर स्क्रूही जातो आणि टेबलही. मी बोटांच्या अंदाजाने पेचकस फिरवत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, गोलबाजारात नेऊन द्या ना. फुकटात करून देतात ते."

फुकटात! हौशी माणसाचा याहून मोठा अपमान नाही. मी त्याच रात्री विजेवर चालणारा छोटा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. निवडणं म्हणजे मुलीला स्थळ पाहण्यासारखं निघालं. आधी वाटलं होतं, बटण दाबलं की फिरतो, यात पाहायचं काय? पण पाहायला बसलो तर एकेकाची कुंडली निघाली: बिट किती मिलिमीटरची, मिनिटाला फेरे किती, चार्जिंग कोणत्या वायरीने, पोलाद कोणतं. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, न्यूटन-मीटर. शाळेत सोडून आलो होतो तो न्यूटन इतक्या वर्षांनी पत्ता काढत घरी आला.

पेनाएवढ्या स्क्रू ड्रायव्हरचा पीळ 0.2 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला साधारण दोनशे ग्रॅम वजन टांगलं की बसेल तेवढा. मोबाइलमधल्या इवल्याशा स्क्रूला तो पुष्कळ झाला. कपाट-पलंग जोडायच्या पिस्तुलासारख्या यंत्रात हाच आकडा चार-पाचवर जातो, म्हणजे वीस-पंचवीसपट. आता तुम्हीच सांगा, पैसे मोजणारा माणूस 0.2 असं लिहिलेल्या वस्तूला हात लावेल का? आमच्या काळी मार्कशीटवर 0.2 आले असते तर वडिलांनी चप्पल काढली असती.

गोलबाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या पोराला विचारलं. तो डोळ्याला भिंग लावून एका फोनचं पोट उघडून बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "काका, पेनवाला घ्या. चार एमएमच्या बिटवाला. आन् एक ध्यानात ठेवा, मोटर खोलाले, आवराले हात. शेवटचा आटा हातानंच आवराचा."

"आणि ताकद?"

"ताकद कमी तेवढी चांगली."

मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. बिचारा लहान होता. ताकद कमी तेवढी चांगली, हे वाक्य चंद्रपुरात, वीज केंद्राच्या धुराड्यांच्या सावलीत, कोणी उच्चारावं! शिवाय पेनवाला हातात धरून पाहिला तर इतका किरकोळ, की पाहुण्यांना दाखवायचा म्हटलं तरी आधी शोधावा लागला असता.

मग मी तेच केलं जे आपण लोक कापड घेताना, कुकर घेताना, लग्नाचा हॉल घेताना करतो. स्वस्त नको, महाग नको, मधलं द्या. मधलं यंत्र पिस्तुलाच्याच जातीचं, पण अंगाने लहान होतं. त्याच्या तोंडात पाव इंची बिट बसायची. बारीक बिटा चार मिलिमीटरच्या, म्हणून त्यांच्यासाठी मध्ये एक लांब जोडनळी दिली होती. ती लावली की टोक आपल्या मनाने डुलायचं. पीळ कमीजास्त करायचं कडं त्याला नव्हतं. पण डबीभर बिटा होत्या! अधिकाच्या खुणेच्या, सहा टोकांच्या, तीन पाखांच्या, ॲपलच्या फोनला लागते ती पाच पाकळ्यांची. ॲपलचा फोन आमच्या सात पिढ्यांत कोणी वापरलेला नाही, तरी ती पाकळी पाहून मला फार धन्य वाटलं.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, 45 अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये. लिथियमच्या बॅटरीला ते सोसत नाही हे खरं. पण ते लिहिणाऱ्याने मे महिन्यात आमच्या जटपुरा गेटापाशी उभं राहून दाखवावं. मी त्या यंत्राला रात्री कूलरसमोर चार्जिंगला ठेवायचो आणि स्वतः पंख्याखाली झोपायचो. बायको यावर काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

आता यंत्र आलं, पण काम नव्हतं. चष्म्याचा स्क्रू तिने परस्पर बसवून आणला होता, फुकटात. रिमोट उघडला, तर आत एकच स्क्रू, तोही सेलच्या झाकणाखाली. एका स्क्रूने माणसाचं काय भागतं? मी बिटांची डबी उघडझाप करत पावसाळा काढला.

दिवाळीत वडशाला सासरी गेलो आणि देव पावला.

वडसा म्हणजे देसाईगंज. अनेक वर्षं गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणजे एवढंच. चांदा फोर्टहून गाडीत बसलं, की मूल, सिंदेवाही, नागभीड करत, जंगलातून वाट काढत, ब्रह्मपुरीनंतर वैनगंगा ओलांडून ती वडशाला लागते. पण वडशाचं खरं वैभव नाटक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे ओळीने आहेत. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडई-शंकरपटांसाठी नाटकं ठरतात आणि मग होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग. माझा साळा अशाच एका मंडळीत पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, देखभाल पाहतो. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तो पेटी उचलतानासुद्धा छाती काढून उचलतो.

मी पोहोचलो तेव्हा तो ओसरीवर कपाळाला हात लावून बसला होता. "भाऊजी, मध्यम बोलून नाही राहिला जी. उद्या पहिला प्रयोग आहे."

मी पिशवीत हात घातला.

सासरी जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही, हीच त्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. सासऱ्यांच्या डोळ्यांत मला काळजी दिसत होती, पण तोंडाने ते म्हणाले, "जवाईबापूच्या हाती देऊन पाहा." सासूबाईंनी आतून आयते आणि चटणी पाठवली. शेजारची पोरं गोळा झाली. मी यंत्र उघडलं, दिवा लागला, मोटर कुर्रर्र केली. पोरं खूश.

पेटी जुनी, सागवानी. वरची फळी निघाली, पट्ट्या दिसल्या आणि खाली सुरांचा फळा. पितळेच्या लहान-लहान पट्ट्या, प्रत्येकीची जीभ वेगळी आणि प्रत्येकीला दोन स्क्रू. माझं हृदय भरून आलं. आयुष्यभर ज्या बारीक कामाची वाट पाहिली ते हेच. मी डबी उघडली आणि बिटा लावून पाहू लागलो. अधिकाची खूण, सहा टोकं, तीन पाखं, पाच पाकळ्या. एकही बसेना. पेटीचे सगळे स्क्रू चपट्या खाचेचे होते.

माझ्या सगळ्या डबीत चपटं टोक एकच निघालं. त्यात या चपट्या खाचेची एक खोड असते. ती दोन्ही बाजूंनी उघडी. हाताने फिरवताना माणूस पातं मध्यावर धरून ठेवतो. मोटर असलं काही पाळत नाही, ती फिरली की पातं सटकन बाजूला. म्हणून तर 1930च्या दशकात अमेरिकेत हेन्री फिलिप्स नावाच्या गृहस्थाने अधिकाच्या खुणेचा स्क्रू बाजारात आणला, आणि 1936 साली कॅडिलॅकच्या कारखान्याने तो गाड्या जोडायला घेतला. त्यात टोक आपोआप मध्यावर बसतं, यंत्राला फिरवायला सोपं. हे सगळं मला ठाऊक होतं. यंत्र निवडताना मी जे जे वाचलं होतं त्यात ते होतं. पण ओसरीवर पंधरा माणसं चहा घेऊन बसलेली असताना हेन्री फिलिप्स आठवत नाही.

बटण दाबलं. पातं घसरलं आणि सागवानावर एक बारीकशी रेघ उठली. "चालते, चालते," सासरे म्हणाले. दुसऱ्यांदा दाबून धरलं. या वेळी पातं खाचेत बसलं. मोटर गुरगुरली, काहीतरी कडक्कन वाजलं आणि स्क्रूचं डोकं माझ्या मांडीवर येऊन पडलं. यंत्राला दोन बटणं होती, एक खोलायचं, एक आवळायचं. त्यात स्क्रू पितळी, आणि पितळ मऊ. जिथे दोनशे ग्रॅमचा पीळ पुरला असता, तिथे आमच्या मधल्या यंत्राने आपल्या जिल्ह्याला शोभेल असा हिसका दिला होता.

खरं कौतुक पुढे आहे. शेजारचा एक स्क्रू मात्र सरळ निघाला. मी यंत्र ऐटीत उचललं, कारण टोकाला लोहचुंबक होतं आणि त्याला स्क्रू चिकटून वर येतो असं डब्यावर चित्रासकट छापलं होतं. चुंबक वर आलं. स्क्रू खालीच राहिला, क्षणभर त्या फळ्याच्या कडेवर डोलला आणि भात्यात गेला. पितळेला चुंबक धरत नाही. हे मला शाळेत न्यूटनच्याही आधी शिकवलं होतं.

मग आम्ही पेटी उलटी केली, हलवली, पुन्हा उलटी केली. एक पोरगं म्हणालं, "भात्यात खुरखुर वाजून राहिली जी," आणि सगळे कान लावून ऐकू लागले. मी हात लावल्यापासून पेटीतून पहिल्यांदाच काही आवाज येत होता.

एवढ्यात पेटीमास्तर आले. मोठे माणूस, इकडचा कोणताही प्रयोग सांगा, त्यांनी तो वाजवलेला. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या डोक्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं.

"इस्क्रू काहाले काढले जी?"

मी घसा साफ केला. "मध्यम बंद होता."

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून उद्याच्या नाटकाचं हँडबिल काढलं. त्याचा कोपरा फाडून मध्यमाच्या पितळी जिभेखालून अलगद सरकवला, बाहेर काढला, त्यावर फुंकर मारली आणि नखाने जीभ टिचकावली. पट्टी दाबून भाता दिला. मध्यम खणखणीत बोलला. जिभेच्या फटीत धुळीचा कण अडकला होता, बस्स. असा कण अडकला की सूर मुका होतो, त्याला एकही स्क्रू लागत नाही. आणि फळा बाहेर काढायला बाजूला दोन कड्या होत्याच, त्या मी शोभेच्या समजलो होतो.

भात्यातला स्क्रू मास्तरांनी पेटी एका विशिष्ट तिरपेपणाने धरून दोन मिनिटांत काढला. तुटलेल्याच्या जागी ती पट्टी उरलेल्या एका स्क्रूवर धकून गेली. सासऱ्यांनी विषय बदलून यंदाच्या धानाचं काढलं. मी आयते खाल्ले. फार छान झाले होते, दोनदा मागून घेतले, कारण तोंड रिकामं असलं की कोणीतरी काही विचारलं असतं.

मी यंत्र पिशवीत घालायला गेलो, तर साळ्याने हात धरला. "भाऊजी, हे राहू द्या ना. लाइटाचे डबे खोलाले कामी पडते." रंगमंचाच्या दिव्यांचे डबे, माइकचे डबे, खांबांच्या पट्ट्या. सगळे अधिकाच्या खुणेचे, सगळे दणकट, सगळे रोज रात्री जोडायचे आणि पहाटे उघडायचे. ज्या कामासाठी ते यंत्र जन्मलं होतं तेच काम. मी दिलदारपणे ते देऊन टाकलं, डबीसकट. परतीच्या गाडीत बायकोने पहिल्यांदा माझ्या एका निर्णयाचं कौतुक केलं.

आता ते यंत्र मोसमभर मंडळीबरोबर फिरतं. अधूनमधून साळ्याचा फोन येतो आणि ते कुठे आहे ते कळतं. आज मूलला, उद्या आरमोरीला. पाच पाकळ्यांची बिट त्याने कोण्या पोराला खेळायला दिली. मी इकडे पुन्हा निवडायला बसलो आहे. या वेळी पेनवाला, चार मिलिमीटरचा, 0.2चा. गोलबाजारातल्या पोराला हे सांगितलं तर तो हसला नाही, एवढा तो मोठा झाला आहे.

परवा रात्री दीड वाजता फोन वाजला. मागे तबला, माणसांचा गलबला, कोणीतरी मिशी मागत होतं.

"भाऊजी, झोपले का जी? खोलाचं बटन कोनतं? अंक सुरू व्हाचा आहे, लाइट खोलाचा आहे."

घरातला जाणकार म्हणून अपरात्री आपला सल्ला घेतला जावा, याचं एक सुख असतं. मी उठून बसलो आणि ठणकावून सांगितलं, "वरचं."

फोन ठेवला, पाणी प्यालो, आडवा झालो. मग ओसरीवरचा तो कडक्कन आवाज आठवला आणि आपण त्या दिवशी कोणतं बटण दाबलं होतं, तेही आठवलं. घाईने फोन लावला. पण तोवर अंक सुरू झाला होता आणि साळ्याने फोन बंद करून ठेवला होता.