नव्वद डिग्रीचे भाऊ

अमरावतीच्या कोणत्याही कॉलनीत एक भाऊ असे असतातच, ज्यांनी स्वतःची शुगर कित्येक वर्षांत तपासलेली नसते, पण गाडीच्या कूलंटचं तापमान त्यांना तोंडपाठ असतं.

स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी १६ पिनांचा एक सॉकेट असतो. इतरांच्या लेखी तो सर्व्हिस सेंटरवाल्यांचा. भाऊंनी त्यात मीटर खोचलंय आणि हिरव्या आकड्यांचा डबा डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी बसवलाय. गाडीत पाय ठेवला की आधी प्रवचन. "हे ओबीडी. अमेरिकेत १९९६ पासून हाये, आपल्या इकडं २०१३ पासून. गाडी सारं सांगून राह्यली, आपनच आयकत नाही."

भाऊंचं म्हणणं खरं असतं, हीच पंचाईत. पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटा नसतोच, नुसता दिवा असतो. काटा असला तरी साधारण ७५ ते १०० डिग्रीपर्यंत तो मध्यावरच बसून राहावा, अशी सोय बऱ्याच कंपन्या करतात. मालकाला उगाच घोर नको म्हणून. कंपनीनं वाचवलेला हा घोर भाऊंनी पैसे मोजून घरी आणला.

त्याची खरी मजा मे महिन्यात, अकोल्याच्या लग्नाला जाताना. बडनेरा सुटलं की महामार्ग ५३. लोणी ते माना हा पट्टा जून २०२२ मध्ये गिनीजमध्ये गेला: १०५ तास ३३ मिनिटांत, एका लेनच्या हिशेबानं, ७५ किलोमीटर सलग डांबर. एवढा विक्रमी रस्ता पुढ्यात, पण भाऊंची नजर डब्यावर.

"९१... ९३..."

"अवो, समोर ट्रक हाये!" मागून वहिनी.

"ट्रक दिसून राह्यला मले. ९६ झाले ना!"

आणि एसी बंद. बाहेर पारा ४५ वर. दहा मिनिटांत इंजिन ९० वर सुखात नांदू लागतं आणि मागच्या सीटवरची मंडळी उकडून निघतात. मुर्तिजापूरला चहासाठी थांबले, की दारांआधी बोनेट उघडतं.

"ते मीटर माह्या डोक्यात खोचा," वहिनी म्हणतात, "मंग पाहा किती आकडा येते!"

मध्ये भाऊ पुण्याला लेकाकडे गेले. मीटर खोचलेलंच राहिलं. किल्ली काढली तरी त्या सॉकेटला बॅटरीचा करंट मिळतच असतो. महिन्याभरानं परतले तर गाडी मुकी आणि मीटरही मुकं. शेजाऱ्यांनी जंपर केबल लावता लावता विचारलं, "भाऊ, व्होल्ट किती भरले?"

"१२.६ पाह्यजे होते," भाऊ न लाजता म्हणाले.

पण टोमणे मारणाऱ्या याच मंडळींच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, की जेवणं आटोपल्यावर पावलं गुपचूप भाऊंच्या फाटकाकडे वळतात. परवा असेच एक आले. भाऊंनी टॉर्च तोंडात धरली, गुडघे टेकले, मीटर खोचलं, कोड वाचला.

"पी झिरो ४२०."

"शिव्या काहून देता भाऊ?"

"शिवी नाही बाप्पा, कोड हाये. धूर साफ करनारा कन्व्हर्टर काम करून नाही राह्यला, अशी गाडीची तक्रार हाये. मिस्त्रीले दाखवा."

"आता कायचा मिस्त्री! पुसून टाका ना तो दिवा. उद्या गाडी दाखवाची हाये, गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"दिवा पुसता येते, रोग नाही पुसता येत. चार दिवसांत परत लागन. गिऱ्हाईक कोन हाये?"

"अकोल्याचे... तुमचे साळेच तं हायेत."

भाऊंनी मीटर उपसलं, खिशात घातलं आणि शुभ रात्री म्हणून फाटक लावून घेतलं. मग साळ्याला फोन लावून फक्त आकडा सांगितला, ४२०. तो गाडीचा की मालकाचा, हे साळ्यानं विचारलं नाही. सौदा तेवढा मोडला.