देव कोणत्या भाषेत बोलतो?

आम्हा काळेवाडीकरांना चिंचवडला जायचं तर हल्ली संत मदर तेरेसांवरून जावं लागतं. गैरसमज नको, पुलाचं नाव आहे ते. एम्पायर इस्टेटचा उड्डाणपूल. खाली पवना, मग रेल्वे, मग जुना मुंबई-पुणे रस्ता आणि वर शिफ्टला उशीर झालेले आम्ही. संत वगैरे पालिकेच्या कागदावर. रिक्षावाल्याला 'एम्पायरचा पूल' म्हटलं तरच कळतं.

मला मात्र तो पूल चढताना पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स आठवतो. १९९४ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर या गृहस्थाने मदर तेरेसांवर जेमतेम अर्ध्या तासाचा माहितीपट केला, 'हेल्स एंजल'. नावातच शिवी. त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. १९६९ मध्ये बीबीसीचा माल्कम मगरिज मदरवर फिल्म करायला कलकत्त्याला गेला. मरणाच्या दारातल्या माणसांसाठी मदरनी चालवलेल्या घरात उजेड यथातथाच. कॅमेरामनला वाटलं, इथलं काही उठायचं नाही. फिल्म धुतली, तर सगळं लख्ख! मगरिजने जाहीर करून टाकलं की हा दैवी प्रकाश. कॅमेरामन बिचारा सांगतोय की अहो, कोडॅकचा नवा रोल आहे. पण कोडॅकला कोण हात जोडतो? मदरची जगभर कीर्ती झाली ती या फिल्मपासून.

पुढे मदरना संत करायचं चाललं तेव्हा चर्चने हिचन्सलाच साक्षीला बोलावलं. त्याने विरोधात साक्ष दिली. ती ऐकून घेतली, लिहून घेतली आणि २०१६ च्या ४ सप्टेंबरला मदर संत झाल्या. आमच्या महानगरपालिकेतही हरकती-सूचना अशाच मागवतात.

पूल उतरून चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधीपाशी जा. इथेही एक पाहुणी येऊन गेलीय, १८०९ साली. मारिया ग्रॅहम, वय चोवीस. कॅमेरा नव्हता, वही होती. मोरयांच्या वंशात गणपती पिढ्यान् पिढ्या अवतार घेतो अशी तेव्हाची श्रद्धा, त्यामुळे वाड्यात जिताजागता देव बसलेला. तुकोबांनी एका पूर्वजाला 'देव' म्हटलं म्हणून घराण्याचं नाव देव, असं गावात सांगतात. (तुकोबा ज्याला देव म्हणतील त्याचं खरं मानावं.) बाईंनी १८१२ मध्ये पुस्तक छापलं. त्यात वाड्याची घाण आहे, खिडक्याखिडक्यांतले गुबगुबीत भटजी आहेत आणि साध्याशा ओसरीत पाटावर बसवलेला देव आहे. देव म्हणजे एक पोरगं. डोळे भेदरलेले, रोज अफू चारतात म्हणून, असं बाईंना कोणी सांगितलेलं. इतर पोरांत खेळायचं नाही आणि संस्कृतखेरीज दुसऱ्या भाषेत बोलायचं नाही.

बाई पाहुण्या, पुढे मालक होऊ घातलेल्या मुलखातल्या. ऐकीव अफूवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याने त्याने ठरवावं. पण एवढं खरं की त्यांनी चिमटा काढला तो भटजींना. पोराला नाही. त्याच्याबद्दल वाचताना वाईटच वाटतं.

चिमटा काढायची ही रीत पुढे बिघडली. २००८ च्या 'रिलिज्युलस'मध्ये बिल मार नावाचा अमेरिकन विनोदवीर जगभर हिंडून भाविकांना कोपऱ्यात गाठतो. मुलाखतीला बसणाऱ्यांना फिल्मचं खरं नावही सांगितलं नव्हतं, 'अ स्पिरिच्युअल जर्नी' म्हणून बसवलं. म्हणजे चमत्काराचा दावा करणाऱ्या बाबाने जी फसवणूक करायची तीच इथे नास्तिकाने केली. त्यात ट्रकवाल्यांच्या एका प्रार्थनाघरात मार जातो. एक ड्रायव्हर चिडून निघून जातो. बाकीचे बसतात, उत्तरं देतात आणि शेवटी मारसाठीच प्रार्थना करतात. चाकणच्या कंटेनर लाईनीत हा प्रयोग करून बघा. बंपरवर 'बुरी नजरवाले', आरशाला लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर साईबाबा. माईक पुढे केलात तर ड्रायव्हर उत्तर देईल, वर चहा पाजेल. ब्रेक त्याचे, घाट त्याचा, झोप त्याची उडालेली. लिंबावर हसणारा एसी गाडीत.

आपल्याकडे देवाच्या नावाने चालणाऱ्या धंद्यावर हसणारे कमी झाले नाहीत. तुकोबांचं देहू इथून हाकेवर. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि समोरची माणसं स्वतःच उत्तर देऊन स्वतःवर हसायची. बाबा त्यांच्यातलेच, त्यांच्यासारखंच बोलणारे. 'देवकीनंदन गोपाला' या सिनेमात त्यांचं काम केलं डॉ. श्रीराम लागूंनी, ज्यांनी पुढे देवालाच रिटायर करायला सांगितलं. आणि आनंद पटवर्धनांचा 'राम के नाम' आठवा. जन्मस्थानासाठी निघालेल्या पोरांना रामाचा जन्म कधीचा ते सांगता येत नाही, तिथे आपण हसतो. पण त्या फिल्ममध्ये सगळ्यात सडेतोड बोलतो तो तिथलाच पुजारी, लालदास. १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली.

हे सगळं मी आमच्या भाच्याला ऐकवलं, कारण त्यालाही माहितीपट करायचाय. तिरकस. विषय अंधश्रद्धा. पात्र ठरलं विजयनगरातली पोळ्या करणारी मावशी, जिच्या अंगात मंगळवारी देवी येते.

"मावशीच का?" मी विचारलं. "नव्या टॉवरचं भूमिपूजन झालं ना परवा? बिल्डरने मुहूर्तासाठी जेसीबी तीन तास उभा ठेवला. त्याला विचार की."

"मामा, तो केस करेल."

"आणि मावशी?"

"ती कशाला करतेय."

झालं. तिरकसपणाची एवढीच तिरकी रेष. धार्मिक भावना दुखावण्याविरुद्ध १९२७ पासून कलम दोनशे पंच्याण्णव-अ होतं, आता न्याय संहितेत २९९ झालंय. नंबर बदलला, भावना त्याच. पण दुखावणारी भावना असायला वकील परवडावा लागतो. पोळीमागे पैसे मोजून घेणाऱ्या बाईची भावना कॅमेऱ्याला मोकळी.

तरी गेला भाचा. मीही गेलो, ट्रायपॉड धरायला. खोली दहा बाय दहा, देव्हारा फ्रीजच्या डोक्यावर. मावशीने पदर सारखा केला, माईक कॉलरला लावायचा तर कॉलर नाही, म्हणून भाच्याने तो पदरालाच टोचला. मग घरून घोकून आणलेला प्रश्न टाकला:

"मावशी, देवी तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलते?"

"मराठीत. मला दुसरी कुठली येते?"

"मग माझ्याशी बोलली तर?"

मावशीने त्याच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, सोडून दिला. म्हणाली, "तुझ्याशी कशाला बोलेल? तू ऐकून घ्यायला आलायस होय?"

मग तिने विचारलं, या कामाचे त्याला महिन्याला किती मिळतात. तो म्हणाला, अजून काही नाही. मावशीने मान हलवली आणि दोन पोळ्या फडक्यात बांधून दिल्या.

एडिटिंगला बसला तेव्हा तो सगळा तुकडा त्याने काढून टाकला. म्हणाला, "मामा, आवाज चांगला आलाय, पण इथे हसू चुकीच्या माणसावर येतंय."