वस्तीची गाडी

‘मनाला येईल तिथे थांबा’ असं कॅराव्हॅनच्या जाहिरातीत हमखास लिहिलेलं असतं. हे वाक्य लिहिणाऱ्याने दापोली-गुहागर पट्ट्यातला रस्ता पाहिलेला नसावा. तिथे मनाला आलं म्हणून थांबलात की मागून एसटी येते, पुढून चिऱ्यांचा ट्रक येतो, दोन्ही बाजूंना गडगा असतो आणि मग दोन्ही ड्रायव्हरांच्या मनाला जे येतं ते छापण्याजोगं नसतं.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. धोरण चांगलं आहे. आपल्याकडे धोरणं चांगलीच असतात, त्यांना दृष्ट लागते ती पुढे. कॅराव्हॅन पार्क उभारा, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था करा, सवलती घ्या, असा एकूण बेत. त्याप्रमाणे गाड्या आल्या. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बिछाना, शेगडी, फ्रिज, टीव्ही, खिडकीला पिवळ्या दिव्यांची माळ. पार्क मात्र अजून वाटेत आहेत. बहुधा मुंबई-गोवा महामार्गाने येत असावेत. तो २०११ पासून चौपदरी होतो आहे, म्हणजे उशीर समजण्यासारखा आहे.

तोवर गाडी उभी कुठे करायची? ‘कुठेही’ म्हणून निघालेला माणूस सूर्य कलायला लागला की एकदम चिकित्सक होतो. हॉटेलात उतरणाऱ्याला फार तर खोलीतून समुद्र दिसतो का, एवढंच बघायचं असतं. याला सपाट जमीन लागते, कारण गाडी तिरकी असली तर रात्रभर रक्त डोक्यात उतरतं. वर झुकलेली आंब्याची फांदी नको, खाली लोंबणारी वीजतार नको, वळायला जागा हवी, नळ हवा, पंधरा अँपियरचा प्लग हवा. आणि या यादीत शेवटी, जरा खाकरून, एक गोष्ट हवी असते. ती म्हणजे गाडीच्या पोटात साठलेला ऐवज रिकामा करायची जागा.

या ऐवजाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मोटर कॅराव्हॅनची नियमातली व्याख्या मोठी उद्बोधक आहे. बसायची आसनं आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची जागा, एवढं किमान असलं की झाली कॅराव्हॅन. शौचालय त्या किमान यादीत नाही. म्हणजे टेबलाशिवाय कॅराव्हॅन होत नाही, संडासाशिवाय होते. नियम लिहिणारे साहेब बहुधा टेबलावरून फारसे उठत नसावेत.

तरी गाडीवाले शौचालय बसवतात, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. त्याच्या खाली वीसेक लिटरची पेटी असते. चौघांचं कुटुंब, त्यातल्या एकाला आदल्या दिवशी सोलकढी बाधलेली, असं धरलं तर ही पेटी दीड-दोन दिवसांत ओतावी लागते. कुठे? जाहिरातीतल्या फोटोत नवरा-बायको चहाचे मग धरून सूर्यास्त बघत असतात. पेटी धरून वाडीत फिरणारा नवरा मी अजून कुठल्याही जाहिरातीत पाहिलेला नाही. कोकणातल्या वाडीत दर चार पावलांवर कोणाची तरी विहीर असते. पेटीत घालायच्या निळ्या औषधांपैकी काही अशी जालीम असतात की यजमानाच्या सेप्टिक टँकमधले कामकरी जिवाणूही त्यांनी गारद होतात. पाहुणे सोमवारी ऑफिसात पोचलेले असतात, यजमान मंगळवारी झाकण उघडून नाक धरून उभे.

पाण्याचंही तेच. टाकी शंभर-दीडशे लिटरची. पुण्या-मुंबईचा माणूस शॉवरखाली उभा राहिला की गाणं म्हणतो. टाकीला गाणं परवडत नाही, फार तर पहिलं कडवं. मग यजमानाच्या पडवीतली बादली आणि तांब्या. सुट्टीतला चैनीचा परमोच्च क्षण म्हणजे चुलीवर तापलेल्या पाण्याची बादली, हे सत्य लाखो रुपयांची गाडी भाड्याने घेतल्यावर कळतं.

एवढी मागणीपत्रिका ज्याची आहे, तो पहिल्यांदा जातो तो थेट पुळणीवर. तिथे ना नळ, ना प्लग. पण फोटो चांगला येतो. शनिवारी संध्याकाळी ओहोटी असते, ओली वाळू टणक लागते, गाडी पाण्यापर्यंत जाते, दिव्यांची माळ पेटते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण ते दर हंगामात वर्तमानपत्रात येतं. फोटोत गाडी अर्धी, समुद्र पूर्ण. ‘गाड्या नेण्यास मनाई’ हा फलकही मागे अंधुकसा दिसतो.

वास्तविक भरतीची वेळ काढायला मोबाइलचीसुद्धा गरज नाही. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला अदमासे तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुसरी त्यापुढे साडेबारा तासांनी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी बेताचं. पुनव-अवसेला उधाण, म्हणजे ते थेट सुरूच्या बनापर्यंत. पाऊणकीचा पाढा ज्या पिढीने सोडला, तिला तो आता ट्रॅक्टरवाला शिकवतो. टायर बुडालं असेल तर एक भाव, बॉनेट बुडालं असेल तर दुसरा. घासाघीस करायला वाव असतो, पण वेळ नसतो.

त्यातून तो किनारा वेळासचा असेल तर आणखी गुन्हा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर येतात आणि उजेडाच्या रोखाने समुद्राकडे निघतात. तुमच्या खिडकीतली माळ त्यांना क्षितिजच वाटते. तिथले गावकरी पाहुण्यांना आपल्या घरात उतरवतात, आमटी-भात, मोदक घालतात आणि पहाटे किनाऱ्यावर घेऊन जातात. समुद्रासमोर उशी टाकल्याशिवाय निसर्ग कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरा निसर्ग बघावा.

मग कोणीतरी शहाणा सडा सुचवतो. रत्नागिरी-राजापूरकडचा जांभ्याचा सडा म्हणजे खरंच गाडीच्या स्वप्नातली जमीन. सपाट, टणक, वारा मोकळा, तारा नाहीत, झाडं नाहीत. अडचण एवढीच, की ही जमीन सपाट आणि टणक आहे हे आपल्याआधी काही हजार वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. त्यांनी त्यावर हत्ती, मासे, गवे, माणसं कोरून ठेवली आहेत. काशेळीचा हत्ती, देवाचे गोठण्याची मानवाकृती, बारसू, उक्षी. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि त्यातली बरीचशी इतकी उथळ कोरलेली आहेत की दुपारच्या उन्हात उभ्या माणसालाही चटकन दिसत नाहीत. संध्याकाळी स्टिअरिंगमागे बसलेल्याला काय दिसणार? इतकी शतकं पाऊस सोसलेल्या माशावर टेम्पो ट्रॅव्हलरचं मागचं चाक, वर गाणी. सड्यावर जायचं असेल तर डांबर संपतं तिथे गाडी थांबवा आणि पायी जा. डांबर जिथे संपतं तिथे माणसाची हद्द संपते, हे मानायला हरकत नाही.

आता कामाचं. कोकणात गाडी मुक्कामाला कुठे न्यावी, याचा अभ्यास करून ठेवलेली एक संस्था आपल्याकडे आहे. सल्लागार नेमायला नकोत. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर धावली आणि तेव्हापासून ती थांबे निवडते आहे. एसटी. आणि तिच्यातही वस्तीची गाडी.

वस्तीची गाडी ज्याला माहीत नाही त्याने कोकणाच्या गप्पा मारू नयेत. संध्याकाळी तालुक्याहून सुटते, शेवटच्या गावात रात्री पोचते, तिथेच झोपते, पहाटे गावाला घेऊन परत. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच पथारी पसरतात, नाहीतर देवळाच्या मंडपात, नाहीतर शाळेच्या पडवीत. अंगावर चादर, कानाशी डास. याला कोणी कधी कॅराव्हॅन पर्यटन म्हटलं नाही. त्यांना सूर्योदय दिसतो, पण त्या वेळी ते काच पुसत असतात.

ही माणसं जागा कशी निवडतात ते बघा. गाडी उभी राहते ती जिथे पूर्ण वळते तिथे, म्हणजे बहुधा देवळापुढच्या मैदानात किंवा पाराजवळ. दुकान जवळ, विहीर जवळ, रात्री दुखलं-खुपलं तर हाक ऐकू जाईल असं घर जवळ. स्टार्टरचा भरवसा नसायचा तेव्हा गाडी मुद्दाम उताराला लावत, की सकाळी ब्रेक सोडला की इंजिन आपोआप जागं व्हावं. कॅराव्हॅनवाल्याने एवढं एक उलट करावं आणि सपाट भाग शोधावा. बाकी सगळं जसंच्या तसं उचलावं. ज्या गावात वस्तीची एसटी जाते, तिथे तुमची गाडी जाते, वळते आणि सकाळी परतही येते. ज्या वाडीत एसटी शिरत नाही, तिथे एसटीच्या ड्रायव्हरला जे कळलं ते नकाशातल्या बाईला कळलेलं नसतं. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा,’ ती म्हणते. उजवीकडे पाखाडी असते. पायऱ्यांची.

गुहागरात वरचापाट ते खालचापाट हा एकच लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरं आणि वाड्या. तिथे गाडी उलटी फिरवायची म्हणजे तीन घरांच्या बेड्यांतून आत-बाहेर, सहा जणांचं मार्गदर्शन, आणि ते सगळे एकाच वेळी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारे. शिवाय दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा फेरी बोटींनी जायचं असेल तर ओहोटीला जेट्टीचा उतार केवढा दिसतो ते आधी उतरून बघा. लांब शेपटाची गाडी चढताना बंपर घासते, तो आवाज भाड्याच्या गाडीत जास्त मोठा ऐकू येतो. अनामत रकमेमुळे असेल.

पर्यटन महामंडळाची हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्लीची निवासस्थानं आहेत, गणपतीपुळ्याला भक्तनिवास आहे. आवार मोठं, विचारून घेतलं तर जागा मिळू शकते. विचारून हा शब्द महत्त्वाचा. तो जाहिरातीत नसतो. पावसाळ्यात मात्र कोणाच्याही शेताडीत चाक घालू नका आणि वरंधसारखा घाट चालू आहे की बंद, हे निघण्याआधी बघा. नंतर बघायला पुष्कळ वेळ मिळतो, पण तो घाटाच्या तोंडाशी.

सगळ्यात चांगली जागा शेवटी कुणाच्या तरी खळ्यातच मिळते. आणि तिथेच खरी फजिती असते. मालवणाकडे गाडी खळ्यात लागते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर येते. एसी लावला की घरातले दिवे मंद होतात, म्हणून तो बंद. न्हाणीघर घरातलं, जेवण घरातलं, सुरमईच्या तुकड्या घरातल्या. रात्री नऊच्या सुमाराला पाहुणे आपापल्या उशा घेऊन गाडीत चढू लागतात, आणि घरच्या आजी कपाळावर हात ठेवून विचारतात, “तुमी गाडयेत कित्याक झोपतास? खोली रिकामी आसा मां!”

याला उत्तर नाही. ‘अनुभव’ हा शब्द आजींसमोर उच्चारायचा धीर होत नाही. खोलीचं भाडं गाडीच्या भाड्याचा लहानसा हिस्सा असतं, खोलीत पंखा असतो, पाय लांब होतात. पाहुणे हसतात आणि गाडीचं दार सरकवतात. मध्यरात्री त्यातला कोणीतरी एक, बहुतेक सर्वांत उंच, गुपचूप पडवीतल्या बाकड्यावर येऊन झोपतो. आजींना सकाळी दिसतो. त्या काही बोलत नाहीत, चहात साखर जरा जास्त घालतात.

बाजाराने यावरही तोड काढली आहेच. पर्यटन व्यवसायात कोणाची पंचाईत फार दिवस फुकट जात नाही. आता ठिकठिकाणी ‘कॅराव्हॅन स्टे’ निघाले आहेत. गाडी जागची हलत नाही. चाकांखाली विटा, दाराशी सिमेंटच्या तीन पायऱ्या, पायऱ्यांवर पायपुसणं, बाजूला कुंडीत तुळस. आतला नळ बोअरला जोडलेला, संडास टाकीला, एसी मीटरला. रक्त डोक्यात उतरत नाही, ट्रॅक्टर लागत नाही. पाहुण्यांनी आपल्या मोटारीने तिथवर यायचं आणि चाकांवरच्या घरात राहिल्याचे फोटो टाकायचे. मोटार लावायचे पैसे वेगळे.