टॅरोवाले सर

बीडमध्ये ज्याला दुसरं काही म्हणता येत नाही, त्याला सर म्हणतात. त्यातलेच हे टॅरोवाले सर. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा उलटली तेव्हा स्वतःचं नशीब सोडून त्यांनी इतरांचं धरलं. बसस्टँडमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर माडीत बसतात. पाटी जुन्या क्लासचीच, वरची ओळ तेवढी रंगवून घेतलेली. त्यामुळं खाली अजून ‘मार्गदर्शन’च आहे, ‘भविष्य’ कुठंच नाही.

पोपटवाल्याशी तुलना केलेली त्यांना खपत नाही. “त्याचा पोपट, आपला अभ्यास.” मग ऐकावंच लागतं: पानं 78, त्यातली 22 मोठी, हा जोड 1909 साली लंडनमध्ये निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. ही पानं 15व्या शतकात इटलीत नुसती खेळायला होती आणि भविष्याच्या नादी ती 18व्या शतकात फ्रान्समध्ये लागली, हे मात्र सर गिळून टाकतात. पत्ते कुटणाऱ्याला फी कोण देणार?

एकदा झेडपीच्या गुरुजींना मृत्यूचं पान निघालं. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा. सर घाईघाईनं म्हणाले, “घाबरू नका, हे मरण नाही. आहे ते सुटतं, नव्या ठिकाणी नवी सुरुवात होते.”

गुरुजी पांढरेफटक. “म्हणजे बदली? मरणाचं दुसरं एखादं पान नाही का वो?”

पेल्यांची पानं सर थेट पावसाला लावतात. पाचांतले तीन सांडलेले, दोन उभे: मृगानं दगा दिला, परतीचा येणार. बीडमध्ये एवढं तर झेरॉक्सवालाही सांगतो.

दसऱ्याच्या तोंडावर केजकडचं एक ऊसतोडीचं जोडपं आलं. उचल घेऊन झालेली, हंगाम कसा जाईल एवढंच विचारायचं होतं. पान निघालं दहा काठ्यांचं: एक माणूस मोळी कवटाळून, तोंड तीत खुपसून वाकून चाललाय.

“तुमच्यावर जबाबदाऱ्यांचं ओझं...” सरांनी सुरुवात केली.

बाईनं पान उचलून निरखलं. “मोळी अशी धरतेत का कुठं? डोक्यावर घ्यावी. असं केल्यावर ट्रॅक्टर कवा भरायचा?”

“नवा गडी असंल,” नवरा म्हणाला. “ह्याचा मुकादम कोण हाय वो सर?”

सरांनी पुस्तक चाळलं. मुकादम 78 पानांत नव्हता. अब्रूचा प्रश्न होता, म्हणून त्यांनी सम्राट पुढं केला: सिंहासन, पांढरी दाढी, कपाळाला आठी.

दोघांनी एकदम मान हलवली. “हां, हाच. उचल देताना असाच बसतोय.”